खालचा हॉल, नवं लिक्विड

रिकामा रकाना दिसला की भरून टाकायचा. आमच्या धंद्यातली ही पहिली सवय. कुणी शिकवत नाही, लागते.

धंदा असा. कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत संपतचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यात अर्धं टेबल माझं. बाहेर पाटी: टायपिंग, बाइंडिंग, स्टॅटिस्टिक्स. डॉक्टरकीची, फार्मसीची, एमबीएची पोरंपोरी थिसिसची फाइल घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, सिग्निफिकंट करून मिळेल ना?" पँटची उंची कमी करून मिळेल का, त्याच सुरात. मी मराठी घेऊन बीए झाले. स्टॅटिस्टिक्स रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकले, मोबाइलवर बघून शिकले. पदवीवाले माझ्याकडे गुपचूप येतात आणि थिसिसच्या आभाराच्या पानावर त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा नाव असतं, माझं नसतं. ते जाऊ दे.

फेब्रुवारीत दत्तप्रसाद सर आले. कारखान्यांना सुरक्षेचा सल्ला देतात, प्रभात रस्त्याला ऑफिस आहे. त्यांची फाइल छोटी होती. कुठल्याशा कंपनीत धातूचे बारीक पार्ट लिक्विडने धुतात, कामाला अठ्ठेचाळीस बायका. कंपनीचं नाव फाइलमध्ये नव्हतं, बायकांची नावंही नव्हती, नुसते क्रमांक. हॉल दोन, वरचा आणि खालचा. लिक्विड दोन, सकाळच्या पाळीला जुनं आणि दुपारच्या पाळीला नवं. म्हणजे चार खाने, प्रत्येकात बारा बायका. आधी एकदा आणि तीन महिन्यांनी परत, प्रत्येकीच्या हाताची पकड मोजलेली. मुठीत दाबायचं एक यंत्र असतं, किती किलोने दाबलं ते काटा सांगतो. प्रश्न एवढाच, की नव्या लिक्विडने हाताला काही होतं का.

"पाळीचा फरक आणि लिक्विडचा फरक एकात एक अडकलाय, सर. वेगळा काढता येणार नाही," मी म्हटलं.

"आपण काढूच नका. एवढ्या खोलात कोण जातंय."

"आणि पाच जणींची शेवटची पकड नाहीये. रकाने रिकामे आहेत."

"रिकामे बरे दिसत नाहीत हो. आपण करता ना काहीतरी त्याचं?"

करते ना. त्रेचाळीस जणींची सरासरी काढली, बावीस पॉइंट सात. पाचही रकान्यांत तीच टाकली. पाच वेळा तोच आकडा, कॉपी-पेस्ट. पाचही रिकामे रकाने एकाच खान्यातले होते, खालचा हॉल, नवं लिक्विड. हे मी पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे गेले, कारण संध्याकाळी एका दाताच्या डॉक्टरणीचं बाइंडिंग द्यायचं होतं.

निकाल साधा निघाला. जुन्या लिक्विडच्या बायकांची सरासरी साडेबावीस किलो, नव्याच्या जवळजवळ तेवीस. म्हणजे नवं बरंच म्हणायचं. हॉल बदलला की लिक्विडचा परिणाम बदलतो का, याला आमच्यात आंतरक्रिया म्हणतात. तीही तपासली, ठोस निघाली नाही. मग मी दर थिसिसमध्ये चिकटवते ते वाक्य इथंही चिकटवलं: 'आंतरक्रिया लक्षणीय नसल्याने प्रत्येक खान्याची स्वतंत्र तपासणी केलेली नाही.' त्या वाक्याने माझं दोन तासांचं काम वाचतं. वाक्य मी लिहिलेलंही नाही, कुठल्यातरी जुन्या थिसिसमधून उचललेलं आहे. रिपोर्ट गेला.

एप्रिलमधल्या एका रविवारी ताई आली. शर्मिला, माझी मोठी बहीण, बारावी पास. लग्न होऊन वाघोलीला गेली, तिथं कंत्राटावर कंपनीत जाते. मी खडकीत आईच्या मागे राहिलेल्या खोलीत राहते. ताई दारात उभी राहिली आणि मला हसू आलं. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"ताई, दुसरी कुठं सोडलीस?"

तिने खाली पाहिलं. पाहिल्यावर तिला कळलं.

"पडली वाटतं कुठं. बसमध्ये असेल नाहीतर गेटपाशी."

"आणि तू तशीच चालत आलीस? ऊन केवढंय."

"कळत नाही गं हल्ली. पायात आहे की नाही ते बघावं लागतं."

मी गेटपर्यंत जाऊन चप्पल आणली. चहा दिला तर तिने कपाचा कान धरला नाही, कप दोन्ही तळव्यांत घेतला, लहान मूल वाटी धरतं तसा. मी विचारलं, शुगर तपासलीस का. तपासली, नाही म्हणाली. डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या.

"मैनाबाईंचं पण असंच झालंय. आमच्या हॉलमधल्या पाच जणींचं. वरच्या बायका हसतात आम्हाला, म्हणतात खाली काय भूत आहे का."

"वरच्या म्हणजे?"

"वरच्या हॉलच्या. त्यांना खिडक्या आहेत. खाली धूळ चालत नाही म्हणून सगळं बंद करून ठेवलंय."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली.

"काय धुता तुम्ही तिथं?"

"पार्ट. बारीक असतात, नखाएवढे. पहिलं लिक्विड घाण होतं, हात सोलायचे. आता दुपारच्या पाळीला नवीन दिलंय. वासच येत नाही. पटकन उडून जातं."

"पकड मोजायला आले होते का कुणी?"

"तुला कसं माहीत? आधी मोजली तेव्हा माझी चोवीस होती. सगळ्यांत मी दुसरी. नंतर परत आले, तेव्हा आम्ही पाचजणी गेलोच नाही. विश्वजीत म्हणाला होता, ज्यांची पकड ढिली त्यांना कंपनी ठेवणार नाही." विश्वजीत हा त्यांचा कंत्राटदार. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्याच्या चुलत्यांची. "मैनाबाई म्हणाल्या, एका दिवसाचा प्रश्न आहे, सुट्टी टाका. टाकली."

"तुझा नंबर काय होता, ताई?"

"एक्केचाळीस. का गं?"

मी लॅपटॉप उघडला नाही. गरज नव्हती. एक्केचाळीस, खालचा, नवं, आधी चोवीस, नंतर रिकामं. त्या रिकाम्यात मी बावीस पॉइंट सात किलोचा हात बसवला होता. माझ्या समोर बसलेल्या बाईला कप उचलवत नव्हता आणि कागदावर तिला मी धडधाकट करून ठेवलं होतं.

तिला सांगितलं. तिला नीट समजलं नाही, आणि समजलं तेवढ्यावर ती हसली. "म्हणजे मी नव्हते तरी तू माझी हजेरी लावलीस. विश्वजीत पण तेच करतो."

सोमवारी मी प्रभात रस्त्याला गेले. दत्तप्रसाद सर ताक पीत होते.

"रिपोर्ट मागे घ्या, सर. चुकलाय. माझ्या हातून चुकलाय."

"कसला?"

मी कागदावर चार चौकोन काढले. वरच्या हॉलमध्ये जुनं बावीस, नवं चोवीस. तिथं नव्या लिक्विडने फायदा आहे, कारण हात सोलत नाहीत आणि वारा आहे. खालच्या हॉलमध्ये जुनं तेवीस. नव्याच्या चौकोनात मी प्रश्नचिन्ह काढलं.

"वर फायदा आणि खाली नुकसान. दोन्हींची सरासरी काढली की शून्य. एक पाय बर्फात, एक पाय चुलीत, म्हणजे माणूस कोमट, असं लिहून दिलंय मी. खालच्या हॉलमध्ये नव्या लिक्विडने काय होतं, तेवढंच वेगळं तपासायला पाहिजे."

"आंतरक्रिया लक्षणीय नसताना खाने बघायचे नसतात. हे मी म्हणत नाही, आपल्याच रिपोर्टात आहे. पान सहा."

"ते वाक्य मी सगळ्यांना चिकटवते."

"मग आम्ही काय समजायचं, आपण विचार न करता चिकटवता?"

"हो."

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. अशा उत्तराची सवय नसावी. मग म्हणाले, "एक तारखेपासून कंपनी दोन्ही पाळ्यांना नवं लिक्विड सुरू करते आहे. ऑर्डर गेलीये. आपण पाच जणींचे आकडे आणा, मग बोलू. आकडे नसताना नुसती बहीण आणू नका."

यंत्र मिळालं. फिजिओथेरपीच्या एका मुलीचा थिसिस मी केला होता, तिने दोन दिवसांसाठी दिलं. पुढच्या रविवारी वाघोलीला गेले. नगर रस्त्यावर बस तासभर उभी होती, मांडीवर यंत्र, आणि मी रिकाम्या हाताने ते दाबून बघत होते. सव्वीस. माझी सव्वीस, जी दिवसभर खुर्चीत बसते तिची.

ताईच्या खोलीत, ताई धरून, चौघीजणी जमल्या. पाचवी गावी निघून गेली होती, फोन लागत नव्हता. मैनाबाई साठीच्या आसपासच्या, तिथल्याच. त्यांचं शेत होतं तिथं आता टॉवर आहेत आणि त्या कंपनीत पार्ट धुतात. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, हात पदराखालून काढला नाही.

"हात दावला तर काम जाईल. न्हाई दावला तर हात जाईल. तू शिकलेली हायस, तूच सांग काय दावू."

"नाव कुठंच येणार नाही, मावशी. नुसता नंबर जाईल. नंबरावरून कोण ओळखतंय."

हे मी बोलले. शपथेवर बोलले. शास्त्रात असंच करतात, नाव काढायचं आणि क्रमांक ठेवायचा, आणि माझा त्यावर विश्वास होता.

"तुझी बहीण दाबंल का आधी?"

ताईने यंत्र घेतलं. दात आवळले, मान ताठ केली, कोपर थरथरलं. अकरा. तिला वाटलं यंत्र बिघडलंय. परत दाबलं. साडेदहा. मग ती उठून मोरीकडे गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

मैनाबाई नऊ. बाकी दोघी तेरा आणि चौदा. चारही आकडे मी लिहिले आणि गावी गेलेल्या पाचवीचा रकाना रिकामा ठेवला. हात शिवशिवत होता, पण ठेवला.

तिथंच, ताईच्या जमिनीवर बसून, गणित केलं. खालच्या हॉलमधल्या नव्या लिक्विडच्या बायकांची सरासरी साडेसतरा किलोच्या थोडी वर आली. जुन्याची तेवीस. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात एक-दोन. आंतरक्रियाही आता ठोस. रिकामे रकाने भरले नसते तर हे फेब्रुवारीतच दिसलं असतं असंही नाही, कारण त्या बायका मोजायला आल्याच नव्हत्या. पण कुणीतरी विचारलं असतं, पाच जणी एकाच खान्यातून कुठं गेल्या. मी भरले म्हणून कुणी विचारलं नाही.

मी माफीचं पत्र लिहिलं. आडपडदा न ठेवता: पाच आकडे मी बनवले, निष्कर्ष चुकीचा, हे खरे आकडे. सोबत तक्ता. दत्तप्रसाद सरांना पाठवलं आणि त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून कंपनीलाही पाठवलं. पत्ता ताईच्या ओळखपत्रावर होता.

गुरुवारी ताईचा फोन आला.

"विश्वजीतने आत घेतलं नाही. आम्हा चौघींना. गेटवर यादी होती, आमचे नंबर लिहिलेले. एक्केचाळीस, सदतीस, सगळे. म्हणाला, तुमच्या तब्येतीसाठीच करतोय."

क्रमांक कंपनीनेच दिले होते. कोण कुठल्या क्रमांकाची, ती वही कंपनीकडेच होती. शेंबड्या पोरालाही हे सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी थिसिसच्या जगात राहते. तिथं क्रमांकामागचं माणूस शोधायला कुणी येत नाही, कुणाला त्याची गरजच नसते.

"ताई..."

"दोन्ही वेळा तूच केलंस, आमू. आधी बरी केलीस, मग काढून टाकलीस." तिने फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "ठेव तू. मला बटण दाबवत नाही."

मी ठेवला.

तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायाच्या बोटांना कापूस लावला, ताईने डोळे मिटलेले, तिला एकदाही कळलं नाही. नसा, म्हणाल्या. त्या लिक्विडला परत हात लावला नाही तर वर्षा-दोन वर्षांत थोडं परत येईल. किती, ते सांगता येत नाही. "सरासरी किती येतं?" असं मी विचारलं. तोंडातून गेलं. ताई माझ्याकडे बघत राहिली.

मे महिन्यात दत्तप्रसाद सरांची मेल आली. नवी फाइल. 'कंपनीने आपल्या निरीक्षणाची दखल घेऊन खालच्या हॉलमध्ये सुधारणा केली असून फेरतपासणी केली आहे. कृपया विश्लेषण करून द्यावे.' फाइल उघडली. अठ्ठेचाळीस ओळी, एकही रकाना रिकामा नाही. क्रमांक तेच. सदतीस होता, एक्केचाळीस होता. एक्केचाळीसपुढे पकड सत्तावीस.

सुधारणा म्हणजे काय, ते मैनाबाईंकडून कळलं: खालच्या हॉलमधल्या दुपारच्या पाळीच्या बाराच्या बारा बायका बदलल्या होत्या. लिक्विड तेच. खिडक्या बंदच. त्या खान्याची सरासरी आता पंचवीस, चारांत सगळ्यांत जास्त. कामावर लागून आठ दिवस झालेल्या बाईचे हात दणकटच असणार. तीन महिन्यांनी मोजा म्हणावं. पण तीन महिन्यांनी ढिले पडलेले हात गेटबाहेर असतील आणि एक्केचाळीस क्रमांकावर आणखी कुणीतरी.

मी सरांना फोन केला.

"या बाया वेगळ्या आहेत, सर."

"क्रमांक तेच आहेत ना?"

"माणसं वेगळी आहेत."

"आपल्या पत्रामुळे कंपनीला केवढा मनस्ताप झाला, कल्पना आहे? तरी त्यांनी काम आपल्यालाच दिलं. आपण नाही केलंत तर दुसरं कुणी करेल. शनिवारपर्यंत जमेल का, एवढंच सांगा."

नाही म्हटलं. संपत पलीकडून झेरॉक्स काढत ऐकत होता. "तू नाही केलंस तर वरच्या गल्लीतला करेल. तो तर रंगीत ग्राफही देतो," तो म्हणाला. खरं होतं. त्या शनिवारी कुणीतरी केलंही असेल.

कारखान्यांची तपासणी करणारं एक सरकारी ऑफिस आहे, तिथं तक्रार घेतात. मी नवा तक्ता केला. आता क्रमांक नाहीत, नावं. मैनाबाईंनी हो म्हटलं. "जायचं ते गेलंच, आता नाव तर राहू दे," म्हणाल्या. दोघींनी नाही म्हटलं, त्यांना दुसरीकडे काम बघायचं होतं. ताईला मी विचारायलाही घाबरत होते. तीच सकाळी साडेनऊला ऑफिसच्या दारात येऊन उभी होती. चपला पायाला नाडीने बांधल्या होत्या, बुटासारख्या. मागे मैनाबाई.

"जय भीम कर तरी," ती म्हणाली. "तोंड काय पाडून उभी आहेस."

टेबलावरच्या कारकुनाने कागद चाळले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता.

"हे चौकोन कसले?"

सांगितलं. वरचा हॉल, खालचा हॉल, जुनं, नवं. त्याने मान हलवली.

"मॅडम, एवढं साहेब वाचणार नाहीत. एकूण सरासरी काय ती वर लिहा ना."

"सरासरी लिहिली की या दोघी दिसत नाहीत."

"बरं, राहू दे. बघतील कधीतरी. तक्रारदारांनी इथं सही करायची. रकान्यात."

मैनाबाईंनी अंगठा पुढे केला, त्यांचा नेहमीचा. मग त्याने ताईपुढे पेन ठेवलं. ताईने उचललं, ते बोटांतून सुटलं. परत उचललं, परत सुटलं, टेबलावरून घरंगळत खाली गेलं. मी वाकून दिलं. रांगेतले लोक बघत होते.

कारकुनाने शाईचा डबा तिच्याकडे सरकवला. "अंगठा चालेल, ताई. काही फरक पडत नाही."

आमच्या आजोबांनी आयुष्यात एकच गोष्ट शिकवली होती. स्वतः पन्नाशीत सही शिकले, तीन महिने पाटी गिरवून. आणि आम्हा बहिणींना सांगून गेले की या घरातलं कुणी परत अंगठा लावणार नाही. ताईला ते माझ्यापेक्षा जास्त आठवतं, ती त्यांच्या मांडीवर वाढली.

तिने डबा परत सरकवला. पेन मुठीत घेतलं, मुसळ धरतात तसं, आणि डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. 'श'लाच मिनिट गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, लवकर आवरा. ताईने ऐकलं नाही. अक्षरं मोठी येत होती, वाकडी, एक वर आणि एक खाली. रकाना संपला तेव्हा ती जेमतेम 'शर्मि'पर्यंत आली होती.

"रकान्यात बसवा," कारकून म्हणाला.

"बसत नाही," ताई म्हणाली, आणि शेजारच्या रकान्यात लिहीत गेली. तो रकाना ऑफिसच्या शिक्क्याचा होता.

तिचं होईपर्यंत कारकून शिक्का हातात धरून बसला.